पुढच्या मोरीची गोष्ट

माझ्या नोकरीत खुर्ची नव्हती. टेबल नव्हतं, पंखा नव्हता, बसायचं ठिकाण म्हणून सरकारनं दिलेली एकही जागा नव्हती. एक कालवा होता. त्याचा काठ सकाळी एका दिशेनं आणि दुपारनंतर उलट्या दिशेनं चालायचा, हेच काम. या पदाला पाटकरी म्हणतात. शहरातल्या वाचकांच्या कानावरून हा शब्द गेला नसेल, म्हणून थोडं सांगतो. धरणातून कालवा निघतो, कालव्याला चाऱ्या फुटतात आणि चारीतून पाणी शेतात जातं. प्रत्येक चारीच्या तोंडाला लोखंडी दार असतं. ते कधी उचलायचं, कधी सोडायचं हे वरची मंडळी ठरवतात, पण दाराचं चाक फिरवणारा हात पाटकऱ्याचा असतो. दोन दारांच्या मधला काठाचा मातीचा भराव कुठं खचला, कुठं झिरपला, कुठं रात्रीतून कुणी पाइप टाकून पाणी ओढलं, हे पाहत हिंडणारे पायही त्याचेच.

माझा हिस्सा तेलगावच्या बाजूचा, ऊस आणि कापसाच्या मुलखातला. तिथं मी तरुणपणी रोजंदारीवर लागलो आणि केस पांढरे झाल्यावर निवृत्त झालो. निरोपाला सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मला वेताची आरामखुर्ची दिली. सगळे हसले, मीही हसलो. अखेर खुर्ची मिळाली, असं म्हणून घरी आणली, ओसरीत ठेवली आणि तिच्यात बसलो. बसलो तो बसलोच.

आता मागं वळून बघतो तेव्हा ते दिवस धुक्यातल्यासारखे वाटतात. सकाळी चहा, मग पेपर, मग जेवण, मग डुलकी. गल्लीच्या तोंडाशी दूध आणायलाही मी मोटारसायकल काढायचो. पोट पुढं आलं. रात्री झोप लागेना, आणि लागली की स्वप्नात पाण्याचा आवाज यायचा. उठून पाहावं तर नळ बंद, अंगण कोरडं.

आमच्या घरच्या, म्हणजे मंदा, तिचंही काही वेगळं चाललं नव्हतं. सुनबाई-मुलगा पुण्याला. दोघांपुरता स्वयंपाक, तोही गॅसवर. शेळी विकून टाकलेली, शेत वाट्यानं दिलेलं. वजन वाढलं, शुगर निघाली, गुडघे कुरकुरायला लागले. एके सकाळी जमिनीवर बसून तिनं भाकरीचं पीठ मळलं आणि उठायला गेली, तर उठताच येईना. मी ओसरीत होतो. आतून हाक आली, "अहो, जरा हात द्या." आवाज हसरा होता. आत जाऊन पाहिलं तर दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ती अर्धवट उभी होती आणि डोळ्यांत हसू नव्हतं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. वयानं लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी मंदाचे गुडघे वाकवून बघितले, कागद बघितले.

"काकू, गुडघा झिजलाय थोडा. पण गुडघ्यापेक्षा मांडी जास्त दमलीय," त्या म्हणाल्या. "अंगाचा भार खरं तर मांडीचे स्नायू उचलतात. बसून बसून ते बारीक झाले की सगळा भार हाडावर येतो. गोळ्या मी देते, पण गोळीनं मांडी भरत नाही. त्यासाठी चालावं लागेल."

"दुखतंय म्हणून तर आले, आन् तुमी चालाच म्हनता?" मंदा म्हणाली.

"थोडंच चाला, पण रोज. सपाटीवर, बूट घालून. सांध्याला आतून वंगण सुटतं ते हालचालीनं. रक्तातली साखर चालणारे स्नायू खातात. झोप लागते, तोल सुधारतो. आणि या वयात पडणं टळलं, तर निम्मे आजार टळले म्हणा. छातीत दुखलं, दम लागला तर थांबायचं आणि मला सांगायचं."

"आन् चालायचं किती जोरात?"

"बोलत बोलत चालता आलं पाहिजे, एवढ्याच जोरात." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काका, तुम्हीही जायचं बरोबर. तुमचंही पोट दिसतंय मला."

परतताना एसटीत मंदा खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "बोलत बोलत चाला म्हनं. आपन काय बोलायचं?"

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही बोलायचो ते किराणा, लग्नं, दवाखाना आणि पोराची फी एवढ्याबद्दलच.

*

शहरात माणूस चालायला निघाला तर त्याला कुणी काही विचारत नाही. गावात तसं नसतं. त्यातून बाईमाणूस असेल तर नाहीच. गावातली बाई शेतात चालत जाते, पाण्याला जाते, देवाला जाते, दवाखान्यात जाते. पण नुसतीच जाते आणि नुसतीच परत येते, हे कुणाच्या डोक्यात बसत नाही. पहिल्या दिवशी आम्ही दोघं बाहेर पडलो आणि मारुतीच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर सगळ्यांनी विचारून झालं. कुठं निघालात, कुणी गेलं का, पाव्हणे येणार आहेत का. मंदा देवळापाशी थांबली, हात जोडले आणि मागं फिरली.

"रिकाम्या हातानं न्हाई जमायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं काखेत एक पोतं मारलं आणि हातात विळा घेतला. एकानंही काही विचारलं नाही. गवताला निघाल्या असतील, असं समजून लोक आपापल्या कामाला लागले. पोत्यात काय होतं ते मला गाव संपल्यावर कळलं. मुलानं पुण्याहून पाठवलेले हिरवे-गुलाबी बूट त्यात होते. लुगड्याखाली ते घालून गावातून जायची तिला लाज वाटत होती. कालव्याच्या भरावावर चढल्यावर तिनं चपला पोत्यात टाकल्या, बूट बाहेर काढले, खाली बसली आणि म्हणाली, "आता बांधा तुमीच. मला ती नाडी समजत न्हाई."

मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. कालव्यात पाणी होतं. काठावरच्या लव्हाळ्यातून एक खंड्या निळी रेघ ओढल्यासारखा निघून गेला. मंदा त्या रेघेकडं बघत राहिली.

"हाच का तुमचा कालवा?" तिनं विचारलं.

मी चकित झालो. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून कालवा गावाला लागूनच होता. पुलावरून ती हजारदा गेली असेल. पण भरावावर, माझ्या वाटेवर, ती आजवर एकदाही आली नव्हती.

"मला वाटायचं, तुमी पुलापाशी बसत असाल," ती म्हणाली.

पहिल्या मोरीपर्यंत पोचायला आम्हाला खूप वेळ लागला. मोरी म्हणजे न्हाणीघरातली नव्हे. ओढ्याचं पाणी कालव्याखालून काढून देणारं दगडी बांधकाम असतं, त्याला आम्ही मोरी म्हणतो. वर कठडा असतो, त्यावर बसता येतं. मंदा त्या कठड्यावर टेकली, गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, उद्या ही येत नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सांगायला लागलो.

या मोरीवरच माझ्या नोकरीचा पहिला दिवस उगवला होता. गफूरचाचा नावाचे जुने पाटकरी माझी वाट बघत इथं बसलेले. उंच, वाळके, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यांनी मला पन्नास पावलं पुढं चालायला सांगितलं आणि मागून ओरडले, "अरे दिगू, पाव पटक को कायकू चलता बे? जमीन से कुस्ती हाय क्या तेरी? पाव रख. रख को देख, नीचे से क्या बोलती."

मंदाला हसू आलं. "म्हंजी चालायलाबी शिकावं लागलं व्हय तुमाला?"

"शिकावं लागलं. चाचा सांगायचे, भराव बघायचा डोळ्यांनी नाही, तळपायांनी. खेकडे भरावात बिळं पाडतात. वरून काही दिसत नाही, पण आत पाणी शिरलं की माती पायाला थंड आणि मऊ लागते. पाय आपटत चालणाऱ्याला ते कळत नाही."

"मंग तुमाला कदी कळलं का?"

"एकदा कळलं. लई मोठं प्रकरण झालं होतं."

"काय झालतं?"

मी पुढं बोट दाखवलं. कालवा तिथून वळतो आणि वळणापलीकडं दुसरी मोरी आहे. तिच्याही आधी चारीचं एक दार लागतं. "ती गोष्ट त्या पलीकडच्या मोरीची आहे. जागेवर गेल्याशिवाय सांगता येत नाही."

मंदानं वळणाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "लबाड हायत तुमी," ती म्हणाली.

*

अशी सुरुवात झाली. गोष्ट त्या त्या जागीच सांगायची, आधी नाही, हा नियम मी ठरवला आणि तिनं मान्य केला. दाराजवळ पोचायलाच तिला बरेच दिवस लागले. रोज थोडं पुढं जायची, थांबायची, मागं फिरायची. मी मात्र बेजार व्हायचो. मला आयुष्यभर झपाझपा चालायची सवय, आणि खुर्चीनं ती सवय मोडली तरी डोक्यातला वेग तसाच होता. हळू चालणं हे नव्यानं शिकावं लागलं. हळू चालताना जे दिसतं ते नोकरीत कधी दिसलं नव्हतं. हिवाळ्यात सकाळी पाण्यावरून वाफ निघते आणि ती वाफ काठाकाठानं माणसासोबत सरकते. पाणी कालव्यातून खाली जातंय की आपण वर चाललोय, काही कळेनासं होतं. कधी मंदा बोलत असायची आणि तिचा आवाज वाफेतून, पलीकडच्या काठावरून आल्यासारखा वाटायचा.

दारापाशी पोचलो त्या दिवशी तिनं पदरानं घाम पुसला आणि हुकूम सोडला, "हं, सांगा."

ती महालिंगअप्पांची गोष्ट होती. अप्पांचं बियाणं-खताचं दुकान, घरात रोज शिवपूजा, कपाळाला भस्म, आणि कालव्याला लागून मोठा ऊस. पाऊलभर चालायचं म्हटलं तरी अप्पा जीप काढायचे. एकदा त्यांच्या चारीची पाळी संपली, दार खाली करायचं आणि पुढच्या गावाला पाणी द्यायचं, तर अप्पांनी जीपमधून खाट आणली, दाराच्या चाकाला खेटून टाकली आणि त्यावर उशी घेऊन झोपले. चाक फिरवायचं तर आधी अप्पांना हलवावं लागणार. मी विनवण्या केल्या. अप्पा डोळे मिटून म्हणाले, "ऊस वाळतोय पाटकरी. मला न्हाई उठता येत."

दुपारपर्यंत पुढच्या गावचे लोक आले. मला वाटलं, आता डोकी फुटणार. पण त्यांच्यातल्या चौघांनी खाटेचे चार पाय धरले, अप्पांसकट खाट उचलली आणि भरावावरून खाली सडकेकडं चालू लागले. अप्पांनी रुबाब सोडला नाही. उशाला हात, डोळे मिटलेले. फक्त उतार आल्यावर म्हणाले, "हळू बे. पाठीत उसन भरलीय."

मंदा इतकी हसली की तिला दाराच्या चाकाला धरावं लागलं. त्या हसण्यात ती गुडघे विसरली होती.

तिच्या हसण्याची बातमी गावात गेली असावी. कारण शेजारच्या शांताबाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी गाठलं. शांताबाई जाडजूड, तोंडानं फटकळ, त्यांचेही गुडघे गेलेले.

"मंदाबाई, खरं सांगा. तुमची शेळी तर कवाच इकली. रोज गवत आनता कुनाला?"

मंदा गोरीमोरी झाली. मग तिनं पोतं उघडून बूट दाखवले.

शांताबाईंनी बूट हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. "बया! आन् मला कावून सांगिटलं न्हाई? थांबा, माझाबी इळा घेऊन येते."

त्यानंतर कालव्यावर विळे घेऊन चालणाऱ्या दोन बायका आणि त्यांच्यामागं एक रिकाम्या हाताचा म्हातारा, अशी आमची वरात निघू लागली. गवताची एक काडीही कधी कापली गेली नाही.

महालिंगअप्पांची भेट मध्ये एकदा झाली. तेलगावला आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो होतो. अप्पा गादीवर होते, एक पाय उशीवर, त्याला पांढरी पट्टी. शुगरनं पायाची बोटं गेली होती. पायाला जखम झालेली त्यांना कळलीच नव्हती, इतका पाय बधिर झालेला. मंदानं चालण्याबद्दल सांगितलं आणि खाटेची गोष्टही ऐकली म्हणाली. अप्पा आधी हसले. मग पट्टीकडं बघत म्हणाले, "तवा मी हाट्टानं खाटंवर झोपलो व्हतो माय. आता हाट न्हाई, तरी दुसऱ्यानंच उचलावं लागतंय. तू चाल. पायात जीव हाय तवर चाल." दुकानातून बाहेर पडल्यावर मंदानं त्या दिवशी बसस्टँडपर्यंत रिक्षा करू दिली नाही.

*

दुसरी मोरी गाठली तेव्हा उसाला तुरे आले होते. शांताबाई त्या दिवशी लेकीकडं गेलेल्या, आम्ही दोघंच. ही गोष्ट सांगायची मला स्वतःलाच घाई होती, कारण माझ्या नोकरीतला अभिमानाचा असा तो एकच प्रसंग.

कालवा भरून वाहत होता. पहाटे फटफटलं होतं तेव्हा गफूरचाचा आणि मी इथून चाललो होतो. चाचांनी नेहमीप्रमाणं वहाणा हातात घेतलेल्या. मोरीच्या दगडापासून चार हातांवर ते थबकले. पाय उचलून पुन्हा ठेवला. मला म्हणाले, "तू रख." मी ठेवला. माती थंडगार होती आणि किंचित हलत होती, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी. खाली उतरून पाहिलं तर भरावाच्या पायथ्याशी पाणी गढूळ होऊन झिरपत होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली. भराव फुटला असता तर खालच्या वस्तीवर अख्खा कालवा गेला असता. चाचा आतल्या बाजूनं पाण्यात उतरले, मातीची पोती त्या जागी रेटून पाठीनं दाबून उभे राहिले, आणि मी वरच्या दाराकडं पळालो, पाणी ओढ्यात काढून द्यायला. ते दार गंजलेलं. चाक हलेना. कसं हललं ते आजही आठवत नाही, एवढंच आठवतं की हाताची सालं निघाली होती. परत आलो तेव्हा चाचा छातीइतक्या पाण्यात तसेच उभे, ओठ निळे, आणि मला म्हणतात, "चाय लाया क्या बे?"

पुढं दोन दिवस दुरुस्ती चालली. आम्ही तिथंच राहिलो. भराव टिकला. वस्ती वाचली. पेपरात नाव आलं नाही, पण वस्तीवरच्या बायकांनी आम्हाला पुरणपोळी करून वाढली.

गोष्ट संपली. मंदा बुटाला लागलेली माती काडीनं खरवडत होती. मोरीखालून ओढ्याचा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, तिला पुरेसं थोर वाटलं नाही की काय.

"आपला सुरेश तवा कडंवर व्हता, न्हवं का?" तिनं विचारलं.

"असेल. लहान होता."

"त्याच दोन दिसात त्याला गोवर निघालता. अंग तव्यावानी. सासूबाई गावाला गेलत्या. तुमचा पत्ता न्हाई. गाडी मिळंना. मी लेकराला कडंवर घेतलं आन् तेलगावला चालत गेलते. जाताना आन् येताना."

तेलगावचा रस्ता मला पावलापावलानं ठाऊक होता. त्यावर सावली कुठं आहे आणि कुठं नाही तेही.

"तू कावून सांगिटलं न्हाई?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"तुमी आले तवा चिखलानं माखलेले व्हते. आल्या आल्या भुईवर झोपले. उठले तवर लेकरू खेळत व्हतं. मग काय सांगायचं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि त्याचे कवडसे मोरीच्या दगडावर हलत होते, तिच्या गुलाबी बुटांवर हलत होते. मला त्या क्षणी असं दिसलं की मी या काठानं पळतोय आणि तिकडं, उसाच्या पलीकडच्या सडकेवरून, एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन चाललीय. दोघंही घाईत. दोघांनाही एकमेकांची खबर नाही.

"तुमी आज कळलं म्हून तोंड पाडू नका," मंदा म्हणाली. "लेकरू वाचलं, वस्ती वाचली. चला. मला उन्हाच्या आत घर गाठायचंय."

परतताना ती पुढं होती आणि मी मागं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आता दर थोड्या वेळानं थांबत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीत कागद बघून मान डोलावली. शुगर गेली नव्हती, पण खाली आली होती. एक गोळी कमी केली. गुडघा पायऱ्या चढताना दुखतोच, तो दुखणारच, असं त्यांनी सांगितलं. पण मंदा घरी येऊन जमिनीवर बसली, भाकरी केल्या, हात टेकून उठली आणि चौकटीकडं बघितलंही नाही. मला तर झोप लागायला लागली होती. स्वप्नातला पाण्याचा आवाज थांबला. आरामखुर्चीत आता मांजर झोपतं.

*

कालव्याच्या शेवटाला आमच्याकडं 'टेल' म्हणतात. तिथं कालवा बारीक होत होत एका चारीएवढा होतो आणि मग एका माळरानाच्या कडेला संपतो. वरच्या लोकांनी ओढून उरलं तर तिथं पाणी, नाहीतर नाही. माझ्या सगळ्या नोकरीत तिथं पाणी पोचल्याचे प्रसंग मी हाताच्या बोटांवर मोजू शकेन.

या वर्षी धरण भरलं. थंडीत पाणी सोडणार असं कळलं, तेव्हा मंदा म्हणाली, "टेलची गोष्ट ऱ्हायलीय."

शांताबाईंसह आम्ही तिघं शेवटच्या टप्प्याला रिक्षानं गेलो आणि कोरड्या कालव्याच्या काठावर थांबलो. काही वेळानं पाणी आलं. पाणी येणं म्हणजे लोंढा येणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कोरड्या कालव्यात पाण्याचं तोंड पुढं सरकतं ते म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं. पुढं फेसाची एक झालर, त्यात वाळकी पानं, बाभळीच्या शेंगा, उसाचं पाचट. भेगा पडलेल्या तळात पाणी शिरतं आणि माती सुस्कारे टाकल्यासारखा आवाज करते. भेगांतून किडे वर येतात, आणि ते टिपायला बगळे पाण्याच्या पुढं पुढं पावलं टाकत चालतात. त्या बगळ्यांच्या बरोबरीनं आम्ही काठावरून चाललो. कुणाचा वेग कुणामुळं ठरतोय ते कळत नव्हतं. पाणी थांबलं की आम्ही थांबायचो, खड्डा भरला की ते पुढं निघायचं आणि आम्हीही. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, पुढं टेल नसावाच.

पण टेल आला. तिथं एक म्हातारा शेतकरी धोतर खोचून उभा होता. मला त्यानं लगेच ओळखलं, आणि शेतातल्या घरात जाऊन तो पाण्याचा तांब्या घेऊन आला. ही माझी टेलची गोष्ट होती, आणि ती मी मंदाला त्याच्यासमोरच सांगितली. नोकरीला लागलो तेव्हा हा माणूस मला दरवेळी विचारायचा, पाणी कवा येईल. मी सांगायचो, येईल. काही वर्षांनी त्यानं विचारणं सोडून दिलं. पण मी दिसलो की घरातून तांब्याभर पाणी मात्र न चुकता आणायचा. ज्याच्या शेताला मी पाणी देऊ शकलो नाही, त्यानं मला कधी तहानेनं परत जाऊ दिलं नाही. उन्हातान्हात त्या तांब्याचं ओझं मला जड व्हायचं.

म्हातारा ऐकून लाजला. "त्यात काय एवढं. तुमी चालत येत व्हते," तो म्हणाला.

मंदा त्या तांब्यातलं पाणी प्यायली. तेवढ्यात कालव्याचं पाणी टेलच्या दगडावरून घसरून त्याच्या शेतात शिरलं, आणि म्हातारा आम्हाला विसरून फावडं घेऊन पळाला.

त्या रात्री मी निजलो तेव्हा माझ्या गोष्टी संपल्या होत्या. पहिल्या मोरीपासून टेलपर्यंत जे जे घडलं होतं ते सांगून झालं होतं. जे सांगण्यासारखं नव्हतं तेही सांगून झालं होतं. मनात थोडी भीती होती. मंदा चालायला लागली ती पुढचं ऐकण्यासाठी. आता ऐकायचं काही उरलं नाही तर ती कशाला येईल? आणि ती नाही आली, तर मी तरी एकटा त्या काठावर जाईन का?

सकाळी जाग आली तेव्हा ती दारात उभी होती. पोतं नव्हतं, विळा नव्हता. घरातूनच तिनं बूट घातले होते, आणि नाड्या तिच्या तिनंच बांधल्या होत्या, जराशा वाकड्या.

"चला," ती म्हणाली.

"मंदा, गोष्टी संपल्या गं सगळ्या."

"संपू द्या की." तिनं उंबरा ओलांडला. "आज आपन गप चालू."